बोडीवरची हिरवी गोधडी

एक होतं गाव. गावाबाहेर होती बोडी. त्या गावात छोट्या तळ्याला बोडी म्हणायचे.

बोडीच्या काठी राहायची एक बेडकी. केवढी? टिकलीएवढी. म्हणून तिचं नाव टिकली.

टिकलीला होता एक धाकटा भाऊ. त्याचं नाव गुंडू. गुंडूला अजून पाय आले नव्हते. नुसतं गोल डोकं आणि लांब शेपटी. तो पाण्यातच राहायचा.

रोज सकाळी टिकली काठावरच्या दगडावर बसायची. वाकून विचारायची, "गुंडू, आहेस का?"

गुंडू खालून बुडबुडा सोडायचा. बुडुक.

म्हणजे, "आहे, ताई."

पाणी अगदी नितळ होतं. तळ दिसायचा. तळाशी गुंडू दिसायचा. शेपटी हलवायचा. टिकली खूश व्हायची.

एका सकाळी टिकली दगडावर आली. बघते तर काय?

पाणी दिसेना. तळ दिसेना. गुंडू दिसेना.

सगळ्या बोडीवर हिरवी गोधडी. जाड जाड. ओली ओली. चिकट चिकट.

ते होतं शेवाळ.

"गुंडू, आहेस का?"

बुडबुडा आला नाही.

टिकलीने एक पाय उचलला. शेवाळात घातला. फच्. छोटंसं भोक पडलं. भोकातून गुंडूचं नाक वर आलं.

"आहे, ताई. पण खाली वारा नाही. मला दम लागतो."

"घे, या भोकातून वारा घे."

गुंडूने वारा घेतला. एकदा घेतला. दोनदा घेतला. तेवढ्यात शेवाळ सरकलं. भोक मिटलं.

टिकलीने पुन्हा भोक पाडलं. फच्. भोक पुन्हा मिटलं.

"अशी भोकं मी किती पाडू?" टिकली म्हणाली. "ही गोधडीच काढायला हवी. गुंडू, तू दगडापाशी थांब. फार पोहू नकोस. मी आलेच."

टिकली बोडीला म्हणाली, "बोडीताई, बोडीताई, गोधडी काढ ना."

"का गं?"

"माझ्या गुंडूला वारा मिळेना."

बोडी म्हणाली, "मी का ती हौसेने पांघरली? ओहोळ रोज तिला खाऊ आणतो. खाऊन खाऊन ती वाढते. ओहोळ निवळेना, तर मी गोधडी कशी काढू? जा, त्याला विचार."

टुप टुप टुणुक. टुप टुप टुणुक. टिकली ओहोळाकडे गेली.

ओहोळ खळखळत येत होता. पण पाणी कसं होतं? तपकिरी. वर पांढरा फेस.

"ओहोळदादा, ओहोळदादा, निवळ ना."

"का गं?"

"बोडी गोधडी काढेना,
आणि माझ्या गुंडूला वारा मिळेना."

ओहोळ म्हणाला, "माझ्यात शेण येतं. माझ्यात साबण येतो. शेवाळाला दोन्ही फार आवडतं. पूर्वी वाटेत लव्हाळा होता. दाट उभा असायचा. मला गाळून पुढे सोडायचा. आता लव्हाळा वाढेना, तर मी कसा निवळू? जा, त्याला विचार."

टुप टुप टुणुक. टुप टुप टुणुक. टिकली लव्हाळ्याकडे गेली.

लव्हाळा म्हणजे पाण्याकाठचं उंच उंच गवत. पण आज तो उंच नव्हता. चिखलात आडवा पडला होता.

"लव्हाळेदादा, लव्हाळेदादा, वाढ ना."

"का गं?"

"ओहोळ निवळेना,
बोडी गोधडी काढेना,
आणि माझ्या गुंडूला वारा मिळेना."

लव्हाळा म्हणाला, "मी रोज पान काढतो. भुरी म्हैस रोज पाय देते. पान काढतो. पाय देते. भुरी म्हैस हटेना, तर मी कसा वाढू? जा, तिला विचार. कुठे आहे? ती काय, माझ्याच अंगावर बसली आहे."

टुप टुप टुणुक. टिकली भुरी म्हशीकडे गेली.

भुरी म्हैस चिखलात बसली होती. निम्मी ओहोळात, निम्मी लव्हाळ्यावर. डोळे मिटून रवंथ करत होती. चर्र चप. चर्र चप.

"भुरीआत्या, भुरीआत्या, हट ना."

भुरीने कान हलवला. "कोण आहे? डास का?"

"डास नाही. मी टिकली."

"मग चावू नको. बोल. का हटू?"

"लव्हाळा वाढेना,
ओहोळ निवळेना,
बोडी गोधडी काढेना,
आणि माझ्या गुंडूला वारा मिळेना."

भुरी म्हणाली, "बाई गं, नाव भुरी, पण माझं अंग काळं. ऊन लागलं की तापते मी तव्यासारखी. घरी माझी डोण आहे. दगडाची. मोठी थोरली. पूर्वी तिच्यात पाणी असायचं. मी प्यायची. अंगावर घ्यायची. आता कौतिकामावशी डोण भरेना, तर मी कशी हटू? जा, तिला विचार."

टुप टुप टुणुक. टुप टुप टुणुक. टुप टुप टुणुक. टिकली गावात गेली. कौतिकामावशीच्या दारात गेली.

दारात डोण होती. डोणीत चादरी होत्या. चादरींवर फेस होता. कौतिकामावशी चादर पिळत होती. पिळ पिळ पिळ. साबणाचं पाणी नालीत जात होतं. नाली ओहोळात जात होती.

"कौतिकामावशी, कौतिकामावशी, भुरीची डोण भर ना."

"अगोबाई, ही कोण आली? मागे हो, फेसात पडशील. का भरू?"

"भुरी म्हैस हटेना,
लव्हाळा वाढेना,
ओहोळ निवळेना,
बोडी गोधडी काढेना,
आणि माझ्या गुंडूला वारा मिळेना."

कौतिकामावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "डोणीत धुणं धुवायची मला हौस नाही. परसात माझा धुण्याचा दगड आहे. तिथलं पाणी माझ्या अळूला जायचं. पानं बघ कशी सुकली. पण दगडावर आता शेणाचा ढीग. कोणी घातला? शेजारच्या सोमाजीभाऊंनी. त्यांचं नि आमचं परस एकच. भाऊंना आपल्या कोंबडीची दया येते. माझी येत नाही."

"मग?"

"मग काय. सोमाजीकाका ढीग हलवेनात, तर मी डोण कशी भरू? जा, त्यांना विचार. आणि माझं नाव सांग."

टुप टुप टुणुक. टुप टुप टुणुक. टिकली परसात गेली.

परसात ढीग होता. केवढा? सोमाजीकाकांएवढा. ढिगातून तपकिरी पाणी ठिबकत होतं. ठिप ठिप ठिप. ते ओघळून ओहोळात जात होतं.

सोमाजीकाका ढिगाजवळ बसले होते. हातात फावडं होतं. पण फावडं चालत नव्हतं.

"सोमाजीकाका, सोमाजीकाका, ढीग हलवा ना."

काका इकडे बघू लागले. तिकडे बघू लागले. मग त्यांनी खाली बघितलं.

"आवाज केवढा, नि जीव केवढा. का गं हलवू? कौतिकावहिनींनी पाठवलं वाटतं."

टिकली म्हणाली,

"कौतिकामावशी डोण भरेना,
भुरी म्हैस हटेना,
लव्हाळा वाढेना,
ओहोळ निवळेना,
बोडी गोधडी काढेना,
आणि माझ्या गुंडूला वारा मिळेना."

काकांनी डोकं खाजवलं. "मलाही ढीग हलवायचा आहे, बाळ. शेण खड्ड्यात टाकायचं असतं. वर पाला टाकायचा, माती टाकायची. छान खत होतं. पण खड्ड्यात माझी कोंबडी बसली आहे. खुडूक झाली. म्हणजे अंडी उबवते. आमच्यात खुडूक कोंबडीला कोणी उठवत नाही. मी रोज जातो, बघतो, हात जोडतो, परत येतो. कोंबडी उठेना, तर मी ढीग कसा हलवू? जा, तिला विचार."

टिकली दोन उड्या मागे सरली. का बरं? कोंबडी बेडकी खाते.

पण तिला गुंडूचं नाक आठवलं. भोकातून वर आलेलं.

टुप. थांबली. टुप. थांबली. टुणुक. टिकली खड्ड्याच्या कडेवर बसली.

खड्डा मोठा होता. सगळा रिकामा. एका कोपऱ्यात कोरडं गवत. गवतावर कोंबडी. कोंबडीखाली सात अंडी.

"कोंबडीमाय, कोंबडीमाय, ऊठ ना." टिकलीचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"कुर्र. लांबून काय बोलतेस? जवळ ये."

"नको. तू मला खाशील."

"बसले की मी काही खात नाही. भूकच विसरते. बोल. का उठू?"

"सोमाजीकाका ढीग हलवेनात,
कौतिकामावशी डोण भरेना,
भुरी म्हैस हटेना,
लव्हाळा वाढेना,
ओहोळ निवळेना,
बोडी गोधडी काढेना,
आणि माझ्या गुंडूला वारा मिळेना."

कोंबडीने मान वाकडी केली. एका डोळ्याने टिकलीकडे बघितलं.

"हा गुंडू कोण?"

"माझा धाकटा भाऊ. त्याला अजून पाय नाहीत."

"आणि वारा मिळत नाही म्हणतेस?"

"नाही. शेवाळाखाली दम लागतो त्याला."

कोंबडीने चोचीने एक अंडं पोटाखाली सरकवलं. मग म्हणाली, "माझ्या पिल्लांनाही अंड्यात वारा लागतो. कवचातून थोडा थोडा आत जातो. म्हणून तर मी कोरड्यात बसते. शेणात बसत नाही. मला समजलं हो तुझं."

"मग उठशील?"

"उठले तर अंडी गार होतील. कोणी मला टोपली दिली, तर मी टोपलीत बसेन. मला हा खड्डा कुठे आवडतो? ओल येते. पण टोपली येईना, तर मी कशी उठू?"

"तू सोमाजीकाकांना सांगितलं नाहीस?"

"त्यांनी विचारलंच नाही. येतात. हात जोडतात. जातात."

टिकली कडेवर बसून राहिली. काका थांबले होते कोंबडीसाठी. कोंबडी थांबली होती टोपलीसाठी. टोपली होती काकांच्या घरी. आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

टिकली वळली. टुप टुप टुणुक. टुप टुप टुणुक. पुन्हा सोमाजीकाकांकडे.

"सोमाजीकाका, सोमाजीकाका, टोपली आणा ना."

"आता टोपली कशाला गं?"

टिकलीने मोठा श्वास घेतला. एका दमात म्हणाली,

"टोपली येईना,
कोंबडी उठेना,
सोमाजीकाका ढीग हलवेनात,
कौतिकामावशी डोण भरेना,
भुरी म्हैस हटेना,
लव्हाळा वाढेना,
ओहोळ निवळेना,
बोडी गोधडी काढेना,
आणि माझ्या गुंडूला वारा मिळेना."

काका म्हणाले, "टोपलीत बसेल ती?"

"बसेन म्हणाली."

"मग मला का नाही म्हणाली?"

"तुम्ही विचारलं नाही."

कौतिकामावशी दारातून ऐकत होती. ती म्हणाली, "दहा दिवस हात जोडले, भाऊ. एकदा तोंड उघडायचं होतं."

काकांनी फावडं खाली ठेवलं. "चुकलंच माझं," ते म्हणाले. "आमची माय कोंबडीला टोपलीतच बसवायची. मीच विसरलो."

मग काय झालं?

काकांनी टोपली आणली. टोपलीत कोरडं गवत घातलं. कोंबडीवर हळूच आपला दुपट्टा टाकला. आधी अंडी उचलली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. मग कोंबडी उचलली. कुर्र कुर्र. अलगद टोपलीत ठेवली.

कोंबडी उठली.

मग काकांनी ढीग हलवला. खर्र खप. खर्र खप. शेण गेलं खड्ड्यात. वर पाला. वर माती. ठिबकणं थांबलं.

मग कौतिकामावशीचा दगड मोकळा झाला. तिने चादरी दगडावर नेल्या. धप धप धुतल्या. पाणी गेलं अळूला. डोण तिने घासली आणि भरली. डुब डुब डुब.

मग भुरी म्हैस हटली. चिखलातून उठली. थप थप थप घरी गेली. डोणीतलं पाणी प्यायली. मावशीने अंगावर पाणी ओतलं. भुरीने डोळे मिटले.

मग लव्हाळा वाढू लागला.

पण गवत का एका दिवसात वाढतं?

टिकली रोज सकाळी दगडावर यायची. शेवाळाला भोक पाडायची. फच्. गुंडू वारा घ्यायचा. भोक मिटायचं. दुपारी पुन्हा यायची. फच्. संध्याकाळी पुन्हा. फच्.

पहिल्या दिवशी लव्हाळा आडवाच होता.

तिसऱ्या दिवशी त्याला हिरवी टोकं आली.

पाचव्या दिवशी तो टिकलीएवढा झाला. सातव्या दिवशी तो कोंबडीएवढा झाला. मग वाढतच गेला. दाट झाला. सळसळ सळसळ करू लागला.

मग ओहोळ निवळला. लव्हाळ्यातून गाळून आला. ना शेण, ना साबण.

मग शेवाळाला खाऊ मिळेना. ते भुकेलं. ते पातळ झालं.

एका सकाळी टिकलीने भोक पाडलं. फच्. ती बघत बसली.

भोक मिटलं नाही.

दुसऱ्या दिवशी भोक बांगडीएवढं झालं. तिसऱ्या दिवशी ताटाएवढं. चौथ्या दिवशी परातीएवढं.

सोमाजीकाका लांब बांबू घेऊन आले. उरलेलं शेवाळ त्यांनी काठाला ओढलं. सर्र सर्र. पाटीत भरलं. तेही नेऊन खड्ड्यात टाकलं. त्याचंही खत झालं.

"आता काही टाकायचं तर विचारून टाका हो," कौतिकामावशी म्हणाली.

"वहिनी, मी कोंबडीलासुद्धा विचारून टाकीन," काका म्हणाले.

बोडीने गोधडी काढली.

टिकली दगडावर बसली. खाली पाणी दिसलं. तळ दिसला. तिने वाकून विचारलं, "गुंडू, आहेस का?"

बुडबुडा आला नाही.

"गुंडू?"

मागून आवाज आला. टुप.

टिकलीने वळून बघितलं. लव्हाळ्यातून कोणी तरी येत होतं. टुप. धडपडलं. टुप. पुन्हा धडपडलं. चार बारीक पाय. मागे एवढीशी शेपटी.

"ताई, मला पाय आले."

गुंडू दगडावर चढला. टिकलीला खेटून बसला. दोघांनी मिळून बोडीत बघितलं. पाण्यात ढग होते. ढगांखाली तळ होता.

तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली. लव्हाळा हलला. पाणी हललं. गुंडूने तोंड उघडलं. भरपूर वारा आत घेतला. आणखी एकदा घेतला.

"दम लागतो का रे?" टिकलीने विचारलं.

"नाही, ताई," गुंडू म्हणाला. "वर केवढा वारा आहे."

बोडीत पाणी, पाण्यात तळ.
गोष्ट सरली, आता पळ.